अमेरिकन उच्चार म्हणजे चुकीचे उच्चार का? आठवीच्या वर्गासाठी विचारतेय

वेदगंगा (निपाणी):

निपाणी भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी इंग्रजी शिकवते. आमची मुलं घरी मराठी बोलतात, बस स्टँडवर आणि बाजारात कन्नड बोलतात. इंग्रजी मात्र शाळेत जेवढं कानावर पडतं त्याच्या कितीतरी पट मोबाईलवर पडतं. माझा प्रश्न तिथूनच आला आहे.

आठवीतली एक मुलगी यंदा तालुक्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत उतरली. विषय पाणीटंचाईचा. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. 'वॉटर'चा उच्चार ती 'वाडर'च्या जवळ जाणारा करते, 'कान्ट'ला 'कॅन्ट' म्हणते, 'शेड्यूल'ला 'स्केजूल'. कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही, अमेरिकन व्हिडिओ ऐकून ऐकून तिच्या जिभेवर बसलंय. परीक्षकांनी निकाल सांगताना भर सभेत सांगितलं, "हे उच्चार चुकीचे आहेत, शिक्षकांनी लक्ष द्यायला हवं होतं." मला बोलले त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात वाचायला उभीच राहत नाही. धडा वाचायला सांगितला की बाकाकडे बघत बसते. आधी सगळ्यांत पहिला हात तिचा वर असायचा.

तर जाणकारांनी मला नीट सांगावं. अमेरिकन उच्चार खरोखर चूक धरायचे का? ब्रिटिश माणसं म्हणे 'कार', 'टीचर' यातला शेवटचा 'र' म्हणतच नाहीत, आपण तर ठणठणीत म्हणतो, मग आपलं काय? आणि एकाच वाक्यात दोन्हीकडचे उच्चार आले तर बिघडतं का? सोमवारी वर्गात उभं राहून मला मुलांना काहीतरी ठाम सांगायचं आहे.

घटप्रभा (गोकाक):

बाई, मी मराठा लाईट इन्फन्ट्रीत होतो, ट्रेनिंग बेळगावच्या सेंटरात झालं. माझं मत सरळ आहे. आपल्याकडे 'लेफ्टनंट' म्हणतात, अमेरिकेत त्याच हुद्द्याला 'लूटेनंट' म्हणतात. आपल्या पोरानं इथं 'लूटेनंट' म्हटलं तर समोरचा क्षणभर थबकणार. पुस्तकातली स्पेलिंगं ब्रिटिश वळणाची आहेत, मग उच्चारही त्याच वळणाचे ठेवावेत. मुलांना एक काहीतरी धरून चालायला हवं, नाहीतर गोंधळ उडतो.

पण परीक्षकांनी मुलीला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव):

बाई, त्या मुलीला माझा हा निरोप आधी द्या: तुझा एकही उच्चार चूक नव्हता. परीक्षक चुकले. नोकरीची सगळी वर्षं मी कॉलेजात इंग्रजीच शिकवलं, आणि उच्चार हा माझ्या विशेष आवडीचा भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळू नका.

'र'पासून सुरू करू. इंग्लंडहून लोक अमेरिकेत जाऊन वसायला लागले ते १६०७ च्या जेम्सटाउनपासून. त्या काळी इंग्लंडात 'कार', 'हार्ड' असल्या शब्दांतला 'र' सर्रास म्हणत. तो गळायला लागला नंतर, लंडन आणि दक्षिण इंग्लंडात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जॉन वॉकर यांनी १७९१ मध्ये उच्चारांचा कोश काढला, त्यात लंडनचा 'र' किती पुसट झालाय याची नोंद आहे. म्हणजे 'र'च्या बाबतीत जुनी रीत अमेरिकेनं सांभाळली आणि लंडननं नवी धरली. 'डान्स', 'क्लास', 'बाथ' यांतला लांब 'आ'सुद्धा दक्षिण इंग्लंडातलं नंतरचं वळण. आजही मँचेस्टर, लीड्सकडे गेलात तर तिथला इंग्रज हे शब्द आखूड स्वरानंच म्हणतो. त्याला कुणी अमेरिकन ठरवत नाही.

आणि 'ब्रिटिश' म्हणजे नक्की कुणाचं? स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये 'र' आजही शाबूत आहे. इंग्लंडच्याच नैऋत्य कोपऱ्यातल्या खेड्यांत शाबूत आहे. आपल्या बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, जेव्हा गोऱ्या पलटणी असत, तेव्हाच्या ब्रिटिश फौजेत स्कॉटिश आणि आयरिश शिपाईही मोठ्या संख्येनं असत. त्यांचं इंग्रजी रेडिओवरच्या इंग्रजीसारखं नव्हतं. आपण ज्याला शुद्ध ब्रिटिश म्हणतो, ती दक्षिण इंग्लंडातल्या, बोर्डिंग शाळांत शिकलेल्या घरांची बोली. डॅनियल जोन्स यांनी १९१७ च्या कोशात ती नोंदवली, मग बीबीसीनं १९२६ मध्ये उच्चारांसाठी समिती नेमली, आणि तोच नमुना आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत येऊन पोचला. नमुना चांगला आहे, मीही आयुष्यभर तोच शिकवला. पण इंग्रजी म्हणजे तेवढंच, असं म्हणून मुलीचे गुण कापायचे हे मला पटत नाही.

'र'चा मान कसा फिरतो बघा. १९६२ मध्ये विल्यम लबोव्ह या अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत फिरून विक्रेत्यांना अशी वस्तू विचारली, की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं. महागड्या दुकानातल्या विक्रेत्यांच्या तोंडी 'र' जास्त निघाला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी. कारण न्यूयॉर्कातही पूर्वी 'र' गाळत असत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं 'र' म्हणणं प्रतिष्ठेचं झालं. लंडनमध्ये तोच 'र' म्हटला तर माणूस गावाकडचा ठरतो. आवाजात स्वतःचं शुद्ध-अशुद्ध काही नसतं हे मला या एका प्रयोगानं जितकं पटलं तितकं दुसऱ्या कशानं पटलं नाही.

आता 'वाडर'. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला 'ट' जिभेच्या टोकाचा एक झटका देऊन म्हणतो. हा आवाज आपल्या मराठी 'र'च्या अगदी शेजारचा, म्हणून आपल्या कानाला कधी 'ड' वाटतो, कधी 'र'. अमेरिकन 'इटली' म्हणाला की आपल्याला 'इडली' ऐकू येतं. पण यालाही नियम आहे, आणि तुमच्या विद्यार्थिनीनं तो न शिकवता पकडलाय ही कौतुकाची गोष्ट आहे: पुढच्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात म्हटला जाणारा तुकडा, सिलेबल) जोर नसेल तेव्हाच हा झटका येतो. 'इटली'त येतो. 'इटालियन'मध्ये जोर 'टा'वर आहे, तिथं 'ट' स्वच्छच राहतो. 'ॲटम' आणि 'अटॉमिक' तिच्याकडून म्हणवून बघा, पहिल्यात झटका येईल, दुसऱ्यात येणार नाही. आणि हाच 'ट' लंडनचा सामान्य माणूस कित्येकदा घशातच अडवतो, 'वॉटर'चं 'वॉ-अ' करतो. तोही ब्रिटिशच.

'हॉट', 'डॉक्टर', 'कॉलेज' यांतला 'ऑ' अमेरिकेत तोंड गोल न करता म्हणतात, म्हणून तो 'आ'कडे झुकतो. बेळगावात हा फरक दुकानांच्या पाट्यांवरच दिसतो. मराठीत आपण 'कॉलेज', 'ऑफिस' लिहितो, कन्नडमध्ये 'कालेजु', 'आफीस' लिहितात. अमेरिकन कानाला दुसरं जास्त ओळखीचं वाटेल.

'शेड्यूल'ला 'स्के' म्हणणारे तरुण आता इंग्लंडातही भरपूर आहेत. अजून एक उदाहरण आपल्या घरचं. यमनापूरचा कारखाना आपण सगळे ॲल्युमिनियमचा म्हणून ओळखतो. अमेरिकन म्हणतो 'अलूमिनम', आणि त्याचं स्पेलिंगही एका अक्षरानं आखूड आहे. पुष्कळांना वाटतं अमेरिकनांनी शब्द मोडला. खरं तर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानंच १८१२ मध्ये 'अलूमिनम' वापरला होता. सोडियम, पोटॅशियम यांच्या रांगेत बसावं म्हणून 'इयम' जोडा, असा आग्रह इंग्लंडातल्या दुसऱ्या मंडळींनी धरला आणि तो तिकडे रूढ झाला. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९० मध्ये 'इयम'वालं रूप ठरवलं आणि १९९३ मध्ये अमेरिकन रूपालाही मान्यता दिली. शास्त्रज्ञांना दोन्ही चालतात, तर तालुक्याच्या स्पर्धेत चालायला हरकत नसावी.

घटप्रभासाहेबांचं एक म्हणणं मला मान्य आहे. लिहिताना एकच पद्धत धरावी, पेपरात स्पेलिंग ब्रिटिशच ठेवावं. बोलण्यात एवढं काटेकोर राहायचं कारण नाही.

आता आपल्या मुलांनी खरोखर मेहनत कशावर घ्यायची ते सांगतो, कारण यात लंडन-न्यूयॉर्कचं भांडणच नाही. वहीचा पातळ कागद फाडून ओठांसमोर धरा आणि 'पाणी' म्हणा. कागद जागचा हलत नाही. ओठ नीट मिटून 'फणस' म्हणा, कागद उडतो. इंग्रज असो की अमेरिकन, 'पेन', 'पेपर', 'पार्क' म्हणताना त्याचा कागद उडतो. शब्दाच्या सुरुवातीच्या जोरदार 'प', 'ट', 'क' मध्ये त्याच्याकडे हवा असते. आपण कोरडा 'प' म्हणतो, तो त्याला 'ब' वाटतो, आणि 'पार्क'चं 'बार्क' ऐकू येतं. 'स्पून'मध्ये मात्र 'स'नंतर हवा नाही, तिथं आपला 'प' बरोबर बसतो. मराठीत ख, ठ, फ हे महाप्राण आयते आहेत, म्हणजे मुलांना नवीन काही शिकायचंच नाही, फक्त कुठं वापरायचं ते कळायला हवं.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या सीमाभागातल्या मुलांना जमण्यासारखी आहे. लिहायचं 'पेन' आणि दुखतं ते 'पेन', आपण मराठीत दोन्ही एकसारखे लिहितो आणि एकसारखेच म्हणतो. 'गेट' म्हणजे मिळवणं आणि 'गेट' म्हणजे फाटक, तेच. मराठीत 'ए' एकच आहे. कन्नडमध्ये दोन आहेत. 'एल्लि' म्हणताना 'ए' आखूड, 'एनु' म्हणताना लांब. निपाणीच्या बाजारात फिरणाऱ्या पोराला हा फरक रोज तोंडपाठ आहे. त्याला एवढंच सांगा, लेखणीचा 'ए' एल्लिचा, दुखण्याचा 'ए' एनुचा. इंग्रजीतला दुसरा 'ए' शेवटी थोडा 'इ'कडे वळतो, ते मागाहून सांगता येईल. पुण्याच्या शिक्षकाला या फरकासाठी आठवडा घालवावा लागतो.

मलप्रभा (खानापूर, सध्या बेंगळुरू):

मार्कंडेय सरांनी लिहिलंय ते माझ्यावर प्रत्यक्ष गुजरलंय. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. आता अमेरिकन ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवतो. सुरुवातीला ज्या कंपनीत होतो तिथं आम्हाला सांगायचे की तोंड वाकडं करून 'र' ओढा, 'वाडर' म्हणा. सगळी पोरं तसं बोलायला लागली आणि समोरच्याला आणखीच कळेना. ग्राहक आधीच वैतागलेला, त्यात आमचं निम्मं मराठी निम्मं अमेरिकन ऐकून पुन्हा पुन्हा "सॉरी?" विचारायचा. नंतर एका अनुभवी ताईनं शिकवलं की तुझा आवाज तुझाच ठेव, वेग कमी कर, जोर जागेवर दे. तेव्हापासून काम सुरळीत झालं.

ताई, मुलांच्या कानासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण नोकरीला लागल्यावर बोलण्यापेक्षा ऐकण्यातच जास्त अडतं.

'कॅन' आणि 'कॅन्ट'. अमेरिकन माणूस 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' उघडून म्हणतच नाही, जीभ तिथं टेकवून थांबतो. म्हणून 'ट' ऐकू येईल याची वाट बघू नका. होकार असेल तर 'कॅन' इतका बारीक होतो की 'कन्' उरतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. नकार असेल तर 'कॅन्'चा स्वर पूर्ण आणि ठसठशीत येतो. मला हे कळेपर्यंत फार त्रास झाला. ब्रिटिशांचा लांब 'कान्ट' या बाबतीत सोपा, चुकायची शक्यताच नाही.

'थर्टीन' आणि 'थर्टी'. इथं अमेरिकन झटका उलट मदतीला येतो. 'थर्डी' ऐकू आलं की तीस, 'टीन' स्वच्छ ऐकू आलं की तेरा. 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं आणि 'इंटरनेट'चं 'इनरनेट'.

शेवटचं अक्षर 'झेड'. अमेरिकेत 'झी' म्हणतात आणि ते 'सी', 'जी'मध्ये मिसळून जातं. फोनवर नाव लिहून घेताना मी 'झी फॉर झीब्रा' असं शब्दासकट विचारून घेतो. ते 'झीब्रा' म्हणतात, ब्रिटिश 'झेब्रा' म्हणतात.

गावाकडून कुणी नवीन पोरगं इकडं आलं की मी पहिल्यांदा त्याची भीती घालवतो. आमच्यातल्या पुष्कळ हुशार मुली मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, आणि कारण विचारलं तर शाळेतला असाच एखादा प्रसंग निघतो. म्हणून तुमची ही विद्यार्थिनी परत उभी राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

घटप्रभा (गोकाक):

मलप्रभांनी 'झेड'चं लिहिलं म्हणून आठवलं. बिनतारीवर बोलताना जगभर एक ठरलेली रीत आहे. नऊला 'नाईन' न म्हणता 'नायनर', पाचला 'फाईफ', तीनला 'ट्री' म्हणायचं. खरखरीत 'फाईव्ह' आणि 'नाईन' सारखे ऐकू येतात, त्यात जीव जाऊ शकतो. अक्षरांनाही अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द ठरलेले आहेत. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान उतरवणारा वैमानिक कुठल्याही देशातला असो, त्याला याच रीतीनं बोलावं लागतं. तिथं लंडनचा उच्चार की न्यूयॉर्कचा असं कुणी विचारत नाही, ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे एवढंच बघतात. मार्कंडेय सरांचं वाचून माझं वरचं मत मी थोडं सैल करतो. मुलीला तिच्या उच्चारांत बोलू द्या. 'लेफ्टनंट' मात्र लेफ्टनंटच ठेवा, आपल्या सैन्याचा हुद्दा आहे तो.

वेदगंगा (निपाणी):

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. 'एल्लि' आणि 'एनु'चं वाचलं आणि लगेच घरात माझ्या मुलाला म्हणायला लावलं. त्यानं 'पेन'चे दोन्ही उच्चार पहिल्या खेपेला वेगळे केले. सोमवारी कागदाचा प्रयोग वर्गात करणारच, आणि तो त्या मुलीच्या हातून करवून घेणार. 'इटली-इटालियन'ही तिलाच फळ्याजवळ उभं करून म्हणायला सांगेन, वर्गात ते तिच्याइतकं कुणालाच येत नाही.

सर, एकच विचारायचं राहिलं. तुम्ही 'जोर' म्हणताय तो मुलांना शब्दकोशात कसा शोधायला सांगू? उच्चारांची ती सगळी चिन्हं आठवीला झेपतील असं वाटत नाही.

मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव):

सगळी चिन्हं शिकवू नका, मुलं घाबरतील. एकच शिकवा. चांगल्या शब्दकोशात उच्चार दिलेला असतो तिथं अक्षरांच्या वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. ती ज्या अवयवाच्या आधी असेल त्या अवयवावर जोर. 'फोटोग्राफ'मध्ये ती अगदी सुरुवातीला सापडेल, 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'च्या आधी, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'च्या आधी. हे तीन शब्द मुलांना टाळी वाजवत म्हणायला लावा, जोराच्या जागी टाळी. बाकीच्यांतले बरेच अवयव आपोआप आपल्या 'अ'सारखे बारीक होतात. आपण मराठी माणसं प्रत्येक अवयव सारख्या वजनानं म्हणतो, त्यामुळे परक्या माणसाला शब्द ओळखायला वेळ लागतो.

ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा मोठा कोश शाळेच्या कपाटात असेल तर त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार शेजारी शेजारी दिलेले आहेत. 'गराज', 'लॅबोरेटरी', 'ॲडव्हर्टाइझमेंट' हे तीन शब्द काढून रेघ कुठं आहे ते मुलांना बघायला सांगा, दोन्हीकडे जागा वेगळ्या सापडतील. आणि 'स्केजूल'चं पान उघडून त्या मुलीच्या हातात द्या. तिचा उच्चार तिथं छापलेला आहे. पुढच्या स्पर्धेला जाताना शाळेच्या वतीनं आयोजकांना एक पत्र आधीच द्या, सोबत त्या पानाची झेरॉक्स जोडा, आणि परीक्षकांना दोन्ही उच्चार ग्राह्य धरण्याची सूचना लेखी मागून घ्या. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत करून देतो.